ओपनिंग बुकावर जिंकलेला प्रोग्रॅम खरंच ताकदवान म्हणायचा का?

टिळकवाडीकर:
रविवारी आमच्या घरी इंजिनिअरिंगच्या चार पोरांनी आपापले बुद्धिबळाचे प्रोग्रॅम एकमेकांशी लढवले. भाच्याचा प्रोग्रॅम सहा महिन्यांच्या मेहनतीचा, चाली शोधण्यापासून पट जोखण्यापर्यंत सगळं स्वतः लिहिलेलं. शहापूरच्या पोरानं मात्र नेटवरून पॉलिग्लॉट बुक, म्हणजे पॉलिग्लॉट फॉरमॅटमधली सुरुवातीच्या तयार चालींची फाइल, उतरवून जोडलेलं. सिसिलियन नायडॉर्फ या ओपनिंगमध्ये (डावाच्या सुरुवातीच्या ठरलेल्या चाली) त्याच्या चाली क्षणात पडायच्या आणि भाच्याचं घड्याळ दहा चालींतच निम्मं संपलं. भाचा हरला. माझ्या मते ती ताकद उसनी आहे. बुक बंद करूनच लढत घ्यायला हवी.

निपाणीचा उंट:
दादा, हे पटलं नाही. माणूस पण ओपनिंग पाठ करूनच पटावर बसतोय की. ११ मे १९९७ चा, जगज्जेता कास्पारोव्ह विरुद्ध आयबीएमचा संगणक डीप ब्लू, हा सहावा डाव बघा. कॅरो-कान ओपनिंगमध्ये कास्पारोव्हनं सातव्या चालीला एच६ घरावर प्यादं सरकवलं, आणि डीप ब्लूनं ई६ वर घोडा दिला. १९ चालींत कास्पारोव्हनं डाव सोडला. तो विजय कुणी रद्द केला का?

टिळकवाडीकर:
ही तर माझीच बाजू झाली. तो घोड्याचा बळी बुकातला होता, आणि बुकावर जोएल बेंजामिनसारख्या ग्रँडमास्टरांनी काम केलेलं.

निपाणीचा उंट:
घोडा बुकानं दिला, मान्य. पण मोहरा कमी असताना काळ्या राजाला मध्यभागी कोंडून ठेवायचं काम यंत्रानंच केलं ना? बुक दारापर्यंत सोडतं, आत शिरून लढायचं ज्याचं त्यानं.

खानापूरकर:
आणि प्रत्येक बुक भलं करतं असंही नाही. मी स्वतः बघितलंय. पॉलिग्लॉटमध्ये चालीचं वजन सहसा जुन्या डावांच्या निकालांवरून ठरतं. त्या डावांत चूक असेल तर प्रोग्रॅम डोळे झाकून तीच चूक करतो. गँबिटमध्ये तर फार हाल होतात: बुकानं प्यादं देऊन हल्ला उभा केलेला असतो, पण बुक संपल्यावर प्रोग्रॅमला फक्त एक प्यादं कमी दिसतं आणि तो मोहरे मागे घेत बसतो. बुक प्रोग्रॅमच्या स्वभावाला जुळणारं लागतं.

टिळकवाडीकर:
म्हणजे ताकद मोजताना बुक वेगळं काढायलाच हवं. डिसेंबर २०१७ मध्ये अल्फाझीरो या प्रोग्रॅमनं स्टॉकफिश ८ या नावाजलेल्या प्रोग्रॅमला १०० डावांत हरवलं, २८ विजय, ७२ बरोबरी. तेव्हा स्टॉकफिशला बुक दिलं नव्हतं म्हणून केवढी ओरड झाली! २०१८ मध्ये बुक असलेल्या स्टॉकफिशशीही सामना झाला, तरी अल्फाझीरोच जिंकला. असं दोन्ही बाजूंनी तपासल्यावर शंका उरत नाही.

निपाणीचा उंट:
पण बुक नुसतं बंद केलं की तेच दोन प्रोग्रॅम पुन्हा पुन्हा त्याच चाली खेळत बसतात, त्यातून काय कळणार? टीसीईसी या बुद्धिबळ प्रोग्रॅमांच्या स्पर्धेत ओपनिंग आयोजक ठरवतात आणि तीच ओपनिंग दोघांना एकदा पांढऱ्यांनी, एकदा काळ्यांनी खेळायला लावतात. स्टॉकफिशवाले तर चाचणीला मुद्दाम एका बाजूला थोडी वरचढ असलेल्या ओपनिंग घेतात, नाहीतर बरोबरीच फार होते. तुमच्या पोरांनाही तसंच खेळवा.

टिळकवाडीकर:
हे मान्य. येत्या रविवारी वीस ओपनिंग, प्रत्येकी दोन डाव. स्वतःचं बुक कुणीही आणायचं नाही.

शहापूरचा हत्ती:
काका, ते बुक मीच जोडलेलं. बुकाशिवाय खेळायला मी तयार आहे. पण माझ्या प्रोग्रॅमचं घड्याळाचं गणित सुरुवातीच्या चाली फुकटात मिळणार असं धरून बसवलंय. ते नव्यानं लिहायला आठवडा पुरणार नाही, पंधरा दिवस द्या.