मदत हवी आहे: 'फ्रीरेन'नंतर काय बघू?

मंडळी, 'फ्रीरेन' या जपानी अ‍ॅनिमे मालिकेचा पहिला सीझन (28 भाग) संपवला आणि आता दुसरं काही मनाला लागतच नाहीये. राक्षसराजाला मारून झाल्यावर नायिका फ्रीरेनची गोष्ट सुरू होते. हजाराहून जास्त वर्षं जगलेल्या एल्फला दहा वर्षं सोबत राहिलेल्या मित्राची किंमत तो गेल्यावर कळते, हे फार भावलं. जादूगारांची परीक्षा मात्र उगाच लांबवलीय. यावर खुशाल भांडा!

'डंजन मेशी' ही अ‍ॅनिमेही आवडली. राक्षस मारायचे आणि चक्क शिजवून खायचे, पण त्या भुयारातली अन्नसाखळी काय विचार करून रचलीय!

ट्रकखाली येऊन दुसऱ्या जगात जन्मणारे, पहिल्याच भागात सर्वशक्तिमान होणारे हिरो कृपया सुचवू नका.

सध्या दोन नावं मनात आहेत. 'मोरिबितो' (2007, 26 भाग), कारण नायिका तिशीची, भाला चालवणारी बाई आहे. आणि 'ट्वेल्व्ह किंग्डम्स' (2002, 45 भाग). तीही दुसऱ्या जगात जाणाऱ्या मुलीचीच, पण कादंबऱ्यांवरून केलेली आणि बरंच राजकारण असलेली. तिची कथा मध्येच सुटते म्हणे. तरी बघावी का? आधी कुठली घेऊ?

शिवाय भाच्याला सबटायटल वाचायचा कंटाळा. बरा हिंदी डब असलेली, याच धाटणीची एखादी मालिका माहीत आहे का कुणाला?