हॉट चॉकलेटचं नंबर वन गाणं एकच कसं?

रेकॉर्डवेडा: मंडळी, सध्या सत्तरच्या दशकातल्या ब्रिटिश डिस्कोचं खूळ लागलंय, हॉट चॉकलेट लूपवर चालू आहे. 'यू सेक्सी थिंग' ब्रिटनमध्ये नंबर वन झालंच नाही म्हणे?? आणि अख्ख्या करिअरमध्ये नंबर वन एकच, तेही भलतंच गाणं. मग ह्यांना मोठा ग्रुप म्हणायचं की नशीबवान? जाणकारांनी जरा सांगा.

बेसगिटार_बंडू: नाही झालं, दोनवर अडकलं. १९७५ च्या शेवटी वर क्वीन बँडचं 'बोहेमियन रॅप्सडी' ठाण मांडून बसलेलं, सलग नऊ आठवडे, तिथे कोणाची डाळ शिजणार. त्यात हे गाणं आधी बी-साइडला, म्हणजे रेकॉर्डच्या मागच्या बाजूला टाकलेलं, 'ब्लू नाइट'च्या मागे, ते पुढचं काही चाललं नाही म्हणून प्रोड्यूसर मिकी मोस्टने मागचं परत मिक्स करून पुढे आणलं. अमेरिकेत तिसऱ्या नंबरपर्यंत गेलं.

नंबर वन झालं ते १९७७ चं 'सो यू विन अगेन', तीन आठवडे. आणि ते ह्यांनी लिहिलेलंच नाही, रस बॅलार्डचं आहे 😄

जुनीतबकडी: नशीबवान कसले हो! १९७० ते १९८४ दरवर्षी निदान एक तरी गाणं ब्रिटिश चार्टवर, एवढं सातत्य कितीजणांना जमलंय सांगा. गायक एरल ब्राउन जमैकाचा, बेसवाला टोनी विल्सन त्रिनिदादचा, ग्रुप लंडनच्या ब्रिक्स्टनमधला. सुरुवात डिस्कोने नाहीच, जॉन लेननच्या 'गिव्ह पीस अ चान्स'चं रेगे व्हर्जन केलं, शब्द बदलले होते म्हणून परवानगी हवी होती, तर लेननला ते एवढं आवडलं की बीटल्सच्या अ‍ॅपल कंपनीनेच १९६९ ला रेकॉर्ड काढली. ग्रुपचं नावही अ‍ॅपलच्या ऑफिसातच पडलं.

१९७४ चं 'एमा' ऐका आधी. सिनेमात हिरॉइन व्हायला निघालेली मुलगी, शेवटी आत्महत्या, आणि ब्राउन शेवटाकडे अक्षरशः किंचाळतो. असलं गाणं ब्रिटनमध्ये तीन नंबरला गेलंय, उगाच नाही.

ढिंगचॅक: मला विचाराल तर ह्यांना डिस्को म्हणणंच अर्धवट आहे, सोल आणि पॉप जास्त. पण 'एव्हरी वन्स अ विनर' लावा, सुरुवातीचा तो घाणेरडा (चांगल्या अर्थाने) फझ (मुद्दाम खरखरीत केलेल्या आवाजाचा) गिटार ऐका, हार्वी हिन्सली वाजवतो, असला आवाज तेव्हाच्या डिस्कोत शोधून सापडायचा नाही. नुसता डिस्कोच हवा असेल तर हीटवेव्ह ग्रुपचं 'बूगी नाइट्स', तेही बिचारं दोनवरच थांबलं. त्यातला कीबोर्डवाला रॉड टेम्परटन, पुढे मायकल जॅक्सनचं 'थ्रिलर' त्यानेच लिहिलं.

रेकॉर्डवेडा: 'एमा' आत्ता ऐकलं. बाप रे. पण १९९७ ला 'यू सेक्सी थिंग' परत टॉप टेनमध्ये कसं काय आलं?

बेसगिटार_बंडू: 'द फुल मॉन्टी' पिक्चरमुळे. सहा नंबरला गेलं तेव्हा. त्याच्या दहा वर्षं आधी ह्याच गाण्याचं रीमिक्सही दहाव्या नंबरवर येऊन गेलेलं.