फाल्कनला सरळ अ‍ॅक्सल: आधी रेल, मग कटर
१९६२ च्या फोर्ड फाल्कनचे शॉक टॉवर (इंजिनाच्या दोन्ही बाजूंचे, पुढचं सस्पेन्शन धरणारे पत्र्याचे उभे भाग) कापून इकोनोलाइन व्हॅनचा पुढचा सरळ अ‍ॅक्सल (दोन्ही चाकांना जोडणारा एकसंध दांडा) घालायचा आणि जुन्या गॅसरसारखी (१९५०-६० च्या दशकांतल्या ड्रॅग रेसच्या गाड्यांसारखी) नाक वर करून उभी करायची, हा तुमचा बेत फार आवडला. फक्त क्रम बदला, आधी कापू नका. फाल्कनला वेगळी चासी नाही, बॉडीच सगळा भार पेलते. टॉवर गेले की हेडर्सना (इंजिनाच्या एक्झॉस्ट नळ्यांना) ऐसपैस जागा होते हे खरं, पण नव्या अ‍ॅक्सलच्या लीफ स्प्रिंगचा (पट्ट्यांच्या स्प्रिंगचा) भार मग पातळ पत्र्यावर येतो. त्यामुळे आधी चौकोनी नळीचे रेल पुढून मागच्या सबफ्रेमपर्यंत (मागच्या चाकांकडच्या मजबूत सांगाड्यापर्यंत) न्या, मगच कटर लावा. कापताना दारांच्या फटींवर नजर ठेवा. फट वर-खाली असमान दिसू लागली तर बॉडी वाकतेय, तिथेच थांबा.

उंचीचा मोह आवरा. त्या काळच्या टायरना पकड कमी होती, म्हणून शर्यतीत सुटताना वजन मागच्या चाकांवर जावं यासाठी नाक वर असे. अति केलं तर गाडी रेषेत धावत नाही. किंगपिनला (चाक ज्याभोवती वळतं त्या खिळीला) ५ ते ७ अंश कॅस्टर, म्हणजे मागे झुकाव, द्या. मूळ १४४ घनइंचाचं इंजिन काढून मोठं बसवणारच असाल, तर मागे नऊ इंची (आतल्या मोठ्या गिअरचा व्यास) फोर्ड अ‍ॅक्सलच घ्या.