लेव्हल २ चे रॉकेट, ब्लॅक रॉक वाळवंट: शीअर पिना किती, पावडर किती? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

मी सॅन होजेला राहते. सप्टेंबरमध्ये एरोपॅक या हौशी रॉकेट क्लबच्या लाँचला नेवाडातल्या ब्लॅक रॉक वाळवंटात लेव्हल २ साठी (जास्त शक्तीची रॉकेटे उडवण्याच्या प्रमाणपत्राचा दुसरा टप्पा) उड्डाण करायचे आहे. लेखी परीक्षा झाली आहे. रॉकेट ४ इंची फायबरग्लासचे, मोटर 'जे' वर्गातली, सिम्युलेशनमध्ये उंची ८,००० फुटांच्या आसपास येते.

मोठे पॅराशूट शिखरावरच उघडले तर सेकंदाला २० फुटांनी उतरायला ४०० सेकंद लागतील आणि ताशी १५ मैलांच्या वाऱ्यात रॉकेट दीड मैलापलीकडे वाहत जाईल. त्याऐवजी वर छोटे ड्रोग पॅराशूट आणि ७०० फुटांवर मोठे पॅराशूट ठेवले तर सव्वादोन मिनिटांत, अर्ध्या मैलाच्या आसपास उतरते. लेव्हल २ ला हे सक्तीचे नाही, तरी मला असेच उडवायचे आहे.

अडले आहे ते शीअर पिनांवर, म्हणजे नोझकोन (रॉकेटचे टोक) जागेवर धरून ठेवणाऱ्या आणि पावडर पेटली की तुटणाऱ्या बारीक पिनांवर. ड्रोग बाहेर पडताना बसणाऱ्या झटक्याने नोझकोनही निसटला तर मोठे पॅराशूट वरच उघडणार आणि सगळा हिशेब पाण्यात जाणार. म्हणून नायलॉनच्या २-५६ मापाच्या पिना लावायच्या. पण पिना जास्त आणि पावडर कमी झाली तर नोझकोन सुटणारच नाही, आणि नुसत्या ड्रोगवर रॉकेट सेकंदाला ७५ फुटांनी खाली येईल. आजूबाजूला माणसे असतात, त्यामुळे मला याचीच सर्वांत जास्त काळजी आहे.

मोठे पॅराशूट ठेवलेला पुढचा कप्पा २० इंच लांब आहे. १५ पीएसआय (चौरस इंचाला १५ पौंड) दाबासाठी ब्लॅक पावडर सुमारे २ ग्रॅम येते, म्हणजे नोझकोनवर १९० पौंडांच्या आसपास जोर. तीन पिना पुरतील की चार लावू? चढताना आत कोंडलेल्या हवेने नोझकोन ढकलला जाऊ नये म्हणून कप्प्याला बारीक भोक ठेवणार आहे.

दुसरे म्हणजे, प्लाया (वाळवंटातले सपाट कोरडे तळे) समुद्रसपाटीपासून ३,९०० फुटांवर, म्हणजे शिखर जवळजवळ १२,००० फुटांवर. इथे घरी जमिनीवर तपासलेला ड्रोगचा चार्ज (ते बाहेर ढकलणारी पावडर) तिथल्या विरळ हवेसाठी वाढवावा का? आणि राखीव म्हणून दुसरा अल्टिमीटर (उंची मोजून चार्ज पेटवणारे यंत्र) एक सेकंद उशिराने, थोड्या मोठ्या चार्जसह बरा, की मोटरचाच इजेक्शन चार्ज पुरे?

ज्यांनी ४ इंची रॉकेट प्लायावर उडवले आहे त्यांनी आपले प्रत्यक्ष आकडे कृपया द्यावेत: कप्प्याची लांबी, पिना, पावडर. जमिनीवरची चाचणी पुढच्या शनिवारी आहे. त्याआधी कळले तर त्याप्रमाणे पिनांची भोके पाडते.