मदत हवी आहे: दूध-तूप सोडलं, पण धावणं चालू ठेवायचंय

जळगावला राहतो, वजन ६२ किलो. मांसाहार नव्हताच, आता दूध, दही, तूपही सोडलंय. पहाटे मेहरूण तलावाकडे धावतो, संध्याकाळी व्यायामशाळा. कळण्याची (ज्वारी-उडदाच्या पिठाची) भाकरी, उडदाची डाळ, मटकी, शेंगदाणे रोज असतात. बी-१२ ची गोळी डॉक्टरांना विचारून चालू आहे, हिमोग्लोबिन ठीक आहे.

अडचण अशी: लांब धावलो की दुसऱ्या दिवशी पाय जड. प्रथिनं कमी पडत असतील म्हणून रात्री डाळ वाढवली, तर पोट फुगतं आणि पहाटे पळवत नाही. डाळ भिजवून, हिंग घालूनही फरक नाही. सोयाबीन पचत नाही, प्रोटीन पावडर परवडत नाही. स्वयंपाक एकत्र कुटुंबाचा, त्यामुळे वेगळं शिजवायला सांगणं बरं वाटत नाही.

दूध न घेता कष्टाचा व्यायाम करणाऱ्यांनी कृपया सांगा: डाळी दिवसा कोणत्या वेळी खाता, आणि धावून आल्यावर लगेच काय घेता?