हौशी मेळाव्यात हेडफोन आणि अ‍ॅम्प्लिफायर ऐकून नेमके काय ठरवता येते?

मंद्रसप्तक :
आमच्या परिसरातील काही हौशी श्रोत्यांनी एक छोटा मेळावा ठरवला आहे. प्रत्येकाने आपापले हेडफोन, डॅक (डिजिटल फाइलचे विद्युत ध्वनिसंकेतात रूपांतर करणारे उपकरण) आणि अ‍ॅम्प्लिफायर आणून टेबलावर मांडायचे आणि दिवसभर एकमेकांची उपकरणे ऐकायची, असे त्याचे स्वरूप आहे. माझ्याकडे सेनहायझरचा एचडी ६५० आहे आणि तो मी एका लहान यूएसबी डॅकवर ऐकतो, ज्याचे आउटपुट जास्तीत जास्त १ व्होल्ट आहे. या हेडफोनला स्वतंत्र अ‍ॅम्पची खरोखर गरज आहे का, आणि दुसरा हेडफोन प्लॅनर मॅग्नेटिक (चुंबकांच्या साहाय्याने सपाट पातळ पडदा कंपवणाऱ्या) प्रकारचा घ्यावा का, हे दोन प्रश्न मला या मेळाव्यात सोडवायचे आहेत. मेळाव्यात हायफायमॅनचा एचई-६ हा प्लॅनर हेडफोन येणार आहे, एक जण ट्यूब (निर्वात नळ्यांचा) अ‍ॅम्प आणणार आहेत आणि स्टॅक्सचा एक इलेक्ट्रोस्टॅटिक (उच्च व्होल्टेजवर चालणाऱ्या हेडफोनचा) संचही असेल. गर्दीत, थोड्या थोड्या वेळासाठी ऐकलेल्या गोष्टींवर कितपत विसंबावे? ट्यूब अ‍ॅम्पवर एचडी ६५० अधिक भरीव लागतो असे मी अनेकदा वाचले आहे. तो फरक खरा आहे की मानलेला, हे तिथे कसे ओळखावे?

कानसेन :
आपले दोन प्रश्न एकाच मापाचे नाहीत, हे प्रथम लक्षात घ्यावे. दोन वेगळ्या हेडफोनमधील फरक मोठा असतो. वारंवारता-प्रतिसाद, म्हणजे कोणता स्वर किती मोठ्याने वाजतो ते, कित्येक ठिकाणी अनेक डेसिबेलने वेगळा असतो आणि तो गर्दीतही ऐकू येतो. दोन चांगल्या सॉलिड-स्टेट (ट्रान्झिस्टरच्या) अ‍ॅम्पमधील फरक, दोन्ही आपल्या क्षमतेच्या आत चालत असतील तर, इतका लहान असतो की आवाजाची पातळी काटेकोरपणे जुळवल्याशिवाय त्याबद्दल काहीही ठामपणे म्हणता येत नाही. अर्ध्या डेसिबेलचा फरक कानाला ‘आवाज मोठा’ असा जाणवत नाही, तर ‘स्पष्ट’, ‘मोकळा’, ‘जिवंत’ असा जाणवतो. त्यातच, आवाज जसा कमी होतो तशी खालच्या स्वरांबाबत कानाची संवेदनक्षमता मधल्या स्वरांपेक्षा अधिक वेगाने घटते, हे फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्येच मोजून दाखवले होते. त्यामुळे किंचित मोठ्याने वाजणारा अ‍ॅम्प आपोआप अधिक भरीवही वाटतो.

यावर उपाय आहे आणि तो अवघड नाही. आयोजकांना एक मल्टिमीटर, एक दुफाट्याची केबल आणि मोबाइलमध्ये चाचणीस्वराची एक फाइल ठेवायला सांगा. हेडफोन जोडलेला असतानाच दोन्ही अ‍ॅम्पच्या आउटपुटवरील व्होल्टेज मोजा आणि ते सुमारे एक टक्क्याच्या आत आणा, ०.१ डेसिबेल म्हणजे व्होल्टेजमध्ये साधारण १.२ टक्के. स्वस्त मल्टिमीटर उच्च वारंवारतेला अचूक आकडा दाखवत नाहीत, परंतु येथे खरा आकडा नव्हे, तर एकाच मीटरवर एकाच स्वराला दोन आकडे सारखे येणे महत्त्वाचे आहे. त्यानंतर कोणता अ‍ॅम्प चालू आहे हे आपल्याला न सांगता दुसऱ्या कोणीतरी केबल बदलावी. फ्लॉइड टूल आणि शॉन ऑलिव्ह यांनी १९९४ मध्ये स्पीकरवर केलेल्या प्रयोगात, समोर काय आहे हे दिसत असताना आणि पडद्याआड असताना त्याच श्रोत्यांनी दिलेले गुण लक्षणीयरीत्या बदलले होते, आणि त्यांत अनुभवी श्रोतेही होते. पाहून ऐकणे यात कोणाच्या प्रामाणिकपणाचा प्रश्न नाही. आपले ऐकणे तसेच घडलेले आहे.

दुसरी गोष्ट स्मरणाची. बारीक ध्वनिभेद काही सेकंदच टिकतात. सकाळी एका टेबलावर ऐकलेला अ‍ॅम्प आणि दुपारी दुसऱ्या टेबलावर ऐकलेला अ‍ॅम्प यांची तुलना करून काढलेला निष्कर्ष मी तरी वहीत उतरवणार नाही. याउलट, चार-पाच हेडफोनवर एकच ओळखीची ध्वनिमुद्रिका ऐकून ‘हा मला टोचतो’, ‘याच्यात गायकाचा आवाज मागे गेला’ असे नोंदवणे पूर्णपणे विश्वासार्ह आहे.

निर्वात नळी :
वरील प्रतिसादातील बहुतेक भागाशी मी सहमत आहे. मात्र ट्यूब अ‍ॅम्पच्या बाबतीत फरक मानलेलाच असेल असे कोणी समजू नये. बरेच ट्यूब अ‍ॅम्प आउटपुट ट्रान्सफॉर्मरशिवाय बांधलेले असतात आणि त्यांचा आउटपुट इम्पीडन्स (विद्युतप्रवाहाला होणारा विरोध) काही दहा ओहम, कधी १०० ओहम किंवा त्याहूनही जास्त असतो. एचडी ६५० चा घोषित इम्पीडन्स ३०० ओहम असला तरी तो सर्व स्वरांना सारखा नसतो. १०० हर्ट्झच्या थोडा खाली, म्हणजे हेडफोनमधील पडद्याच्या अनुनादापाशी (जिथे तो आपसूक सर्वांत जास्त कंपतो), तो ५०० ओहमच्या आसपास चढतो. आता हिशेब करा. १०० ओहमच्या अ‍ॅम्पवर मधल्या स्वरांना व्होल्टेजचा ३००/४००, म्हणजे ०.७५ भाग मिळतो आणि अनुनादाच्या भागाला ५००/६००, म्हणजे ०.८३ भाग. हा फरक सुमारे ०.९ डेसिबेलचा आहे. बासच्या एका रुंद पट्ट्यात एवढी वाढ सहज ऐकू येते, आणि ‘भरीव’ या शब्दामागे मुख्यतः हेच असते. ट्यूबच्या विकृतीचाही काही वाटा असू शकतो, पण मोजता येणारे पहिले कारण इम्पीडन्स हेच आहे.

म्हणूनच आपण पातळी जुळवाल तेव्हा चाचणीस्वर १ किलोहर्ट्झचा घ्या, १०० हर्ट्झचा घेऊ नका. अनुनादाच्या जागी पातळी जुळवली, तर ट्यूब अ‍ॅम्पवर बाकीचा सगळा आवाज दबलेला राहील आणि तुलना उलटीच होईल.

प्लॅनर मॅग्नेटिक हेडफोनचा इम्पीडन्स जवळजवळ सपाट असतो, त्यामुळे त्याच ट्यूब अ‍ॅम्पवर त्याच्या स्वरात असा बदल होत नाही. फक्त आवाज घटतो आणि विद्युतप्रवाह अपुरा पडू लागतो. ट्यूब अ‍ॅम्पवर एचडी ६५० आवडला म्हणून त्याच अ‍ॅम्पवर प्लॅनरचा निवाडा करू नका.

एका मुद्द्यावर माझे मत वेगळे आहे. मेळाव्यात थोडा वेळच ऐकायला मिळते ही मला उणीव वाटत नाही, फक्त तो थोडा वेळ एका ठिकाणी बसून घालवावा. टेबलांवरून फिरत प्रत्येक हेडफोन अर्धे गाणे ऐकण्यापेक्षा जो हेडफोन घ्यायचा विचार आहे तो अर्धा तास डोक्यावर ठेवावा. एचडी ६५० चे वजन २६० ग्रॅम आहे आणि एचई-६ चे सुमारे ५०० ग्रॅम; मानेला आणि टाळूला जो भार जाणवतो तो कोणत्याही आलेखात दिसत नाही.

मंद्रसप्तक :
दोघांचेही मनःपूर्वक आभार. इम्पीडन्सचा हिशेब प्रथमच नीट समजला. आता मूळ शंका उरते: माझा १ व्होल्टचा डॅक एचडी ६५० साठी कमी पडतो का, आणि एचई-६ साठी किती लागेल? आणि सोबत कोणते संगीत न्यावे?

कानसेन :
सेनहायझरच्या आकड्यानुसार एचडी ६५० ला १ व्होल्टवर १०३ डेसिबेल ध्वनिपातळी मिळते. संगीतातील क्षणिक शिखरांसाठी ११० डेसिबेल ही भरपूर मोठी मर्यादा धरली, तर ७ डेसिबेल जास्त लागतात, म्हणजे सुमारे २.२ व्होल्ट, आणि ३०० ओहमवर ती शक्ती केवळ १७ मिलिवॉट होते. त्यामुळे या हेडफोनला शक्तीची नव्हे, तर व्होल्टेजची गरज आहे. आजकालचे मोठ्या पातळीवर मुद्रित केलेले संगीत आपण मध्यम आवाजात ऐकत असाल तर आपला डॅक पुरेसा आहे. हळू पातळीवर मुद्रित झालेली, मंद आणि तीव्र भागांत मोठे अंतर असलेली ध्वनिमुद्रणे आवडत असतील तर मात्र नॉब शेवटाला जाईल आणि तरी समाधान होणार नाही.

एचई-६ चे गणित निराळे आहे. त्याची संवेदनक्षमता १ मिलिवॉटला ८३.५ डेसिबेल आणि इम्पीडन्स ५० ओहम. त्याच ११० डेसिबेलसाठी जवळजवळ ४५० मिलिवॉट, ४.७ व्होल्ट आणि ९५ मिलिअँपिअर लागतात, म्हणजे शक्ती एचडी ६५० च्या पंचवीसपटींहून अधिक. तो आपल्या डॅकवर ऐकून ‘प्लॅनर निर्जीव असतात’ असे ठरवणे अन्यायाचे होईल. अर्थात सर्व प्लॅनर असे नसतात. आता पुष्कळसे बरेच सोपे असतात.

आपला डॅक मेळाव्याला नक्की न्या. तीच आपली फूटपट्टी आहे. एचडी ६५० प्रथम त्यावर आपल्या नेहमीच्या पातळीवर ऐका, मग पातळी जुळवून एखाद्या सॉलिड-स्टेट अ‍ॅम्पवर. न पाहता फरक ओळखता आला नाही, तर पहिल्या प्रश्नाचे उत्तर मिळाले.

संगीत आपल्या रोजच्या ऐकण्यातलेच असावे, प्रात्यक्षिकासाठी प्रसिद्ध झालेले नको. मी एक एकटा गायनस्वर, एक तानपुरा आणि तबल्याची, विशेषतः डग्ग्याच्या घुमाऱ्याची ध्वनिमुद्रणे नेतो. गळ्याचा नैसर्गिकपणा आणि खालच्या स्वरांवरील ताबा त्यांत लगेच कळतो. फाइली डॅक लावता येईल अशा मोबाइलमध्ये उतरवून ठेवा, कारण तिथल्या इंटरनेटवर अवलंबून राहणे बरे नव्हे.

तांबडी तार :
उपकरणे आणि कान या दोन्हींच्या काळजीबद्दल थोडे लिहितो. हेडफोन डोक्यावर चढवण्यापूर्वी आवाज शून्यावर आणा, आणि गेन-स्विच (संकेत किती पट वाढवायचा ते ठरवणारे बटण) कुठे आहे ते पाहा. एचई-६ साठी लावलेल्या पातळीवर एखादा संवेदनशील इअरफोन जोडला गेला तर इअरफोनपेक्षा आपल्या कानाचे नुकसान अधिक. गोंगाट असलेल्या दालनात उघड्या पाठीचे हेडफोन बाहेरचा आवाज अडवत नाहीत, त्यामुळे नकळत सगळेच आवाज वाढवत जातात. अमेरिकेच्या एनआयओएसएच संस्थेची मर्यादा ८५ डेसिबेलला ८ तास अशी आहे आणि दर ३ डेसिबेलला वेळ निम्मा होतो. म्हणजे ९४ डेसिबेलला १ तास आणि १०० डेसिबेलला केवळ १५ मिनिटे. मेळाव्याच्या सुरुवातीला, लोक जमण्यापूर्वी, उघड्या पाठीचे हेडफोन ऐकून घ्या आणि बंद प्रकारचे दुपारच्या गर्दीसाठी ठेवा.

बॅलन्स्ड (डाव्या-उजव्या बाजूंना वेगवेगळा परतीचा मार्ग देणाऱ्या) अ‍ॅम्पच्या चार पिनांच्या एक्सएलआर आउटपुटला अडॅप्टर लावून साधा ६.३५ मिलिमीटरचा हेडफोन कधीही जोडू नका. साध्या जॅकमध्ये दोन्ही बाजूंचा परतीचा मार्ग एकच असतो, त्यामुळे अ‍ॅम्पची दोन ऋण आउटपुटे आपापसांत जोडली जातात आणि अ‍ॅम्प बिघडू शकतो. उलट दिशेने, म्हणजे बॅलन्स्ड केबलचा हेडफोन अडॅप्टरने साध्या आउटपुटला जोडणे, सुरक्षित आहे. स्टॅक्सच्या प्रो संचात ५८० व्होल्टचा बायस (पडद्यावरील कायमचा विद्युतदाब) असतो. तो हेडफोन त्याच्या स्वतःच्या ड्रायव्हर युनिटलाच, म्हणजे त्याच्या खास अ‍ॅम्पलाच, जोडता येतो, म्हणून तो संच मालकाच्या उपस्थितीतच ऐकावा.

आणि आपण चष्मा वापरत असाल तर एकदा तो काढूनही ऐका. चष्म्याच्या काडीमुळे पॅड आणि कानशील यांत फट राहते, आणि बंद हेडफोनमध्ये बास त्या फटीतून निसटतो. एखाद्याच्या एचडी ६५० चा आवाज आपल्याच हेडफोनपेक्षा वेगळा वाटला, तर अ‍ॅम्पकडे वळण्यापूर्वी दोघांचे पॅड शेजारी ठेवून पाहा: दबलेल्या पॅडमुळे ड्रायव्हर (हेडफोनमधील आवाज निर्माण करणारा भाग) कानाजवळ येतो आणि स्वर बदलतो. नवे पॅड बसवणे हे नव्या अ‍ॅम्पपेक्षा पुष्कळ लहान काम आहे.