उचल फिटत का नाही
‘वेठबिगारीला कायद्याने बंदी आहे, तर मजूर काम सोडून जात का नाहीत?’ असं विचारलंय. बीडकडची ऊसतोड बघा. हंगामाआधी मुकादम, म्हणजे मजूर पुरवणारा ठेकेदार, उचल म्हणजे आगाऊ रक्कम देतो, तीही जोडप्याला मिळून. नवरा-बायको म्हणजे एक कोयता. ते पैसे लग्नात नाहीतर दवाखान्यात केव्हाच संपलेले असतात. मग अंधारात उठून तोड, डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून ट्रकवर चढायचं, आणि एक दिवस तापाने झोपलं की खाडा, म्हणजे मजुरी नाहीच, वर दंड. हिशेबाची वही मुकादमाकडे. पट्टा पडला, म्हणजे हंगाम संपला, तरी उचलीची बाकी उरते, ती पुढच्या हंगामावर. १९७६च्या कायद्याने वेठबिगारीतलं कर्ज रद्दच होतं, पण याला वेठबिगारी म्हणायला कोण तयार आहे? आणि मुकादमाकडे पैसा साखर कारखान्याकडूनच येतो, तेव्हा एकट्या मुकादमाला शिव्या घालून भागणार नाही.